कमी बजेटच्या सिनेमासाठी युनिट कसं जमवायचं आणि कसं सांभाळायचं

पटकथा तयार आहे, कॅमेरा भाड्याने मिळेल, दोन-तीन कलाकार हो म्हणाले आहेत. इथवर बरेच जण पोचतात. पुढे घोडं अडतं ते माणसांपाशी. पैसे थोडे असतात, म्हणून ओळखीत जे रिकामे असतील त्यांना गोळा करून तारीख लावली जाते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी साउंडवाला येत नाही, लाइटवाल्यांना उद्याचं शेड्यूल ठाऊक नसतं आणि दिग्दर्शक शॉट सोडून जेवण किती जणांचं मागवायचं ते मोजत असतो.

पहिलीच फिल्म करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं ठाम मत असं, की ज्यांना बाजारभावाने मोबदला देणं परवडत नाही, त्यांना तुम्ही किमान तयारी तरी देणं लागता. ज्याचा गृहपाठ पक्का आहे अशा दिग्दर्शकाकडे चांगली माणसं कमी पैशांत काम करतात आणि पुढच्या वेळी पुन्हा येतात.

आधी ब्रेकडाउन, मग माणसं

किती माणसं लागतील याचं उत्तर पटकथेतच असतं. नेहमीच्या मांडणीत पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. शेड्यूलसाठी पान आठ भागांत मोजतात, म्हणजे अर्ध्या पानाचा सीन हा चार अष्टमांश. ब्रेकडाउन म्हणजे पटकथेची अशी सीनवार फोड. प्रत्येक सीनसमोर लिहा: दिवस की रात्र, आत की बाहेर, कोणते कलाकार, कोणत्या वस्तू, कपडे, आणि धोक्याचं किंवा वेळखाऊ असं काही आहे का. लहान मूल, प्राणी, पाऊस, पाणी, चालती गाडी, गर्दी यांच्यासमोर लाल खूण करा.

मग साधा हिशेब मांडा. ९० पानांची पटकथा रोज ५ पानं या वेगाने १८ दिवसांत होते. हातात १२ दिवसच असतील तर रोज साडेसात पानं काढावी लागतील. दोन माणसं एका खोलीत बसून बोलत असतील तर हे जमू शकतं. लाल खुणा असलेल्या सीनना जमत नाही. अशा वेळी रोज जास्त तास शूट करू असं म्हणण्यापेक्षा पटकथेवर परत बसा. कागदावर एक लोकेशन कमी करायला काही खर्च येत नाही. शूटच्या दिवशी तेच लोकेशन बदलायचं तर सामान आवरणं, गाडीत भरणं, पोचणं, उतरवणं आणि पुन्हा लाइट लावणं यात दोन-तीन तास सहज जातात.

सलग दिवस मिळत नसतील तर सुट्टीच्या दिवशी शूट करता येतं. ख्रिस्तोफर नोलान यांचा १९९८ साली आलेला 'फॉलोइंग' असाच झाला. सगळ्यांना नोकऱ्या होत्या, म्हणून शनिवारी-शनिवारी वर्षभर चित्रीकरण चाललं. कॅमेऱ्यात घालायची कच्ची फिल्म महाग होती, तेव्हा आधी भरपूर तालमी करून एक-दोन टेकमध्येच शॉट उरकायचे अशी पद्धत ठेवली होती. या मार्गाने जायचं तर कलाकारांच्या केसांपासून लोकेशनच्या परवानगीपर्यंत सगळं वर्षभर तसंच राहील ना, हे आधी बघा.

कोण लागतंच, आणि कोणती कामं एकावर एक चढवू नयेत

बोलक्या, आजच्या काळातल्या कथेला दहा-बारा जणांचं युनिट पुरतं. प्रॉडक्शन मॅनेजर, फर्स्ट एडी (मुख्य सहायक दिग्दर्शक), डीओपी (छायालेखक), फोकस बघणारा कॅमेरा असिस्टंट, लाइटचा प्रमुख आणि त्याच्या हाताखाली एक, साउंड रेकॉर्डिस्ट आणि बूम (लांब दांडीवरचा माइक) धरणारा, कला आणि वेशभूषा बघणारी एक व्यक्ती, मेकअप, कंटिन्यूइटी (एका शॉटमधले कपडे, वस्तू पुढच्या शॉटमध्ये तसेच आहेत ना ते बघणं) आणि डेटा. यावर एक-दोन धडधाकट, हसतमुख मदतनीस मिळाले तर फार चांगलं.

काही कामं एकत्र करता येतात. आधुनिक कथेत कला आणि वेशभूषा एक जण सांभाळू शकतो. लाइटचा माणूस ट्रॉली-ट्रायपॉडचं कामही बघू शकतो. पण तीन ठिकाणी काटकसर करू नका.

पहिलं म्हणजे, दिग्दर्शकाने फर्स्ट एडी होऊ नये. एडीची नजर घड्याळावर असते, दिग्दर्शकाची अभिनयावर. दोन्ही एकाच डोक्यात ठेवली की अभिनय चुकतोय हे दिसत असूनही 'चला, पुढे' म्हटलं जातं, नाहीतर एका सीनवर सगळी दुपार जाते.

दुसरं, साउंड. नवखे लोक सर्वात आधी इथेच पैसे वाचवतात आणि सर्वात जास्त इथेच पस्तावतात. थोडं दाणेदार, थोडं अंधारं चित्र प्रेक्षक शैली म्हणून स्वीकारतो, पण न कळणारा संवाद स्वीकारत नाही. नंतर डबिंग करू असं म्हणणाऱ्याने स्टुडिओचे तास, कलाकारांच्या तारखा आणि पावलांपासून कपड्यांच्या सळसळीपर्यंत पुन्हा उभा करावा लागणारा प्रत्येक आवाज यांचा हिशेब आधी मांडावा. एकट्याने सिनेमा केल्याचं उदाहरण म्हणून रॉबर्ट रॉड्रिगेझ यांच्या १९९२ च्या 'एल मारियाची'चं नाव नेहमी घेतलं जातं. सुमारे ७,००० डॉलरमध्ये, जवळजवळ युनिटशिवाय त्यांनी तो केला हे खरं. पण कॅमेरा आवाज करणारा होता म्हणून संवाद शॉटनंतर वेगळे रेकॉर्ड करून जुळवावे लागले, आणि चित्रपट विकत घेतल्यावर स्टुडिओने तो थिएटरयोग्य करण्यासाठी मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसे ओतले. शिवाय रॉड्रिगेझ यांनी पटकथाच हाताशी असलेल्या जागा आणि वस्तू धरून लिहिली होती. घेण्यासारखं आहे ते हे.

तिसरं, डेटा. कार्डवरचं शूटिंग हार्ड डिस्कवर उतरवणाऱ्या माणसाला मधेच पाणी आणायला पाठवू नका. दिवसभराची सगळ्यांची मेहनत त्याच्या हातात असते.

निवड: कोणाला आधी, कोणाला नंतर

डीओपीला सर्वात आधी घेण्याचा मोह होतो. मी म्हणेन, आधी प्रॉडक्शन मॅनेजर आणि फर्स्ट एडी घ्या, कारण पुढच्या प्रत्येकाला सांगायच्या तारखा आणि अटी हे दोघे ठरवतात. मग डीओपी. तो बहुतेकदा आपला लाइटवाला आणि असिस्टंट सोबत आणतो, आणि एकमेकांची सवय असलेले तिघे नवख्या सहांपेक्षा लवकर काम उरकतात.

चांगली माणसं कमी पैशांत का येतील? बढतीसाठी येतील. मोठ्या सेटवर बरीच वर्षं पहिला असिस्टंट म्हणून काम केलेल्याला स्वतंत्र डीओपी व्हायचं असतं. सेकंड एडीला फर्स्ट एडी व्हायचं असतं. त्यांना ती जागा द्या. मात्र एकच पायरी वर चढवा, आणि सगळ्याच विभागांत नवे प्रमुख नकोत. वीज हाताळणारा माणूस तर अनुभवीच हवा, तिथे कोणाला शिकायची संधी देऊ नका.

शोरील, म्हणजे आधीच्या कामातले निवडक शॉट, बघून चित्र कळतं, ते चित्र मिळवायला काय लागलं ते कळत नाही. म्हणून एखादा शॉट थांबवून विचारा: 'हा लावायला किती वेळ लागला? लाइट किती होते? माणसं किती होती?' वीस मिनिटांत, दोन लाइट आणि एका पांढऱ्या थर्माकोलवर काढलेला साधा शॉट तुमच्या कामाचा आहे. अर्धा दिवस घेऊन काढलेला देखणा शॉट तुम्हाला परवडणार नाही.

आधीच्या कामाची चौकशी करताना दिग्दर्शकाला फोन करा, पण ज्याला घ्यायचं आहे त्याच्या हाताखाली काम केलेल्या असिस्टंटलाही करा. 'शेवटच्या दिवसांत, सगळे दमलेले असताना कसा वागायचा?' एवढं विचारलं तरी पुरे. कौशल्य थोडं कमी पण स्वभावाने शांत, अशा माणसाला मी दरवेळी पसंती देईन. लहान युनिटमध्ये एका चिडक्या प्रमुखाचा त्रास सगळ्यांना होतो, तिथे लपायला कोपरा नसतो.

पैशांचं पहिल्याच फोनवर बोला

संकोचाने हा विषय मागे ढकलला जातो आणि पुढे तिथेच मनं दुखावतात. पहिल्याच फोनवर साधारण असं बोला:

'फिल्म नव्वद मिनिटांची आहे, शूट अठरा दिवसांचं. रोज बारा तास, जेवणाच्या सुट्टीसकट. प्रत्येक विभागप्रमुखाला रोजचा दर सारखाच आहे, तो इतका. तुमच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी आहे, मला कल्पना आहे. प्रवास, जेवण आणि तुमच्या सामानाचं भाडं वेगळं मिळेल. पैसे दर आठवड्याच्या शेवटी. पटकथा आज पाठवतो, वाचून दोन दिवसांत सांगा. नाही म्हणालात तरी चालेल.'

यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम आहे. दर सर्वांना सारखा असला की चहाच्या वेळी होणारी कुजबुज थांबते. खर्च वेगळा दिला की कोणी पदरचे पैसे घालून तुमच्यासाठी काम करत नाही. आणि नाही म्हणायची मोकळीक दिली की होकार पक्का मिळतो.

'सिनेमा विकला गेला की देऊ' या वचनाबद्दल मला स्पष्ट सांगायचं आहे. छोट्या सिनेमांत असे पैसे बहुतेकदा मिळतच नाहीत. तसा करार करायचाच असेल तर रक्कम, कोणत्या उत्पन्नातून आणि कोणाच्या आधी मिळणार हे लिहून द्या, आणि समोरच्याला सांगा की हे पैसे मिळणार नाहीत असं धरूनच निर्णय घ्या.

करार एक-दोन पानांचा असला तरी चालतो, पण तो पहिल्या शॉटच्या आधी सह्या होऊन हातात हवा. काम, तारखा, तास, पैसे आणि ते कधी, श्रेयनामावलीत नाव कसं येईल, शोरीलसाठी क्लिप कधी मिळेल, आणि केलेल्या कामाचे हक्क निर्मात्याकडे येतात, एवढं त्यात असावं. हक्कांची ओळ क्षुल्लक वाटते. पण वितरक किंवा ओटीटी मंच सिनेमा घेताना लेखक, संगीतकार, कलाकार यांच्यापासून हक्कांची सलग कागदपत्रं मागतात, आणि तेव्हा एक सही नसली तरी व्यवहार अडतो. कायदे देशागणिक वेगळे आहेत, म्हणून मसुदा एकदा वकिलाला दाखवा. विमा आणि लोकेशनच्या परवानग्यांचंही तेव्हाच विचारून घ्या. आणि एकूण बजेटचा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला काढून ठेवा, त्याला आधी हात लावू नका.

रेकी एकट्याने करू नका

दिग्दर्शक जागा बघून 'छान आहे' म्हणतो ती पाहणी वेगळी. खरी रेकी डीओपी, साउंड, लाइट आणि फर्स्ट एडी यांना घेऊन, ज्या वेळी शूट करायचं त्याच वेळी करायची.

साउंडच्या माणसाला दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहू द्या. फ्रिज, पंखा, वरच्या मजल्यावरचं बांधकाम, जवळच्या शाळेची घंटा हे सगळं त्याला ऐकू येईल. डीओपी सूर्य कुठून कुठे जातो ते बघेल. लाइटवाला विजेचा भार मोजेल: वॉट भागिले व्होल्ट म्हणजे ॲम्पिअर. २००० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर जवळपास ९ ॲम्पिअर ओढतो, ११५ व्होल्टवर १७ च्या वर. घरातल्या एका सर्किटवर काय चालेल हे असं ठरतं. एडी स्वच्छतागृह, गाड्या लावायची जागा, मोबाइलची रेंज, कलाकारांना कपडे बदलायची खोली आणि सर्वात जवळचं इस्पितळ टिपून घेईल. बाहेरच्या सीनसाठी पाऊस आला तर त्या दिवशी आत कोणता सीन करायचा, तेही इथेच ठरवा.

शूटच्या आठवडाभर आधी एक पूर्ण चाचणी घ्या. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच साउंड रेकॉर्डरवर दोन मिनिटांचा सीन काढा, कार्ड उतरवा, आवाज जुळवा, संकलकाच्या संगणकावर कापा आणि फाइल काढा. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कुठे चुकतोय, आवाजाच्या फाइलींची नावं कोणाला कळत नाहीत, हे सगळं तेव्हाच बाहेर येतं.

कॉल शीट

आदल्या दिवशी पॅकअपच्या आधी प्रत्येकाच्या हातात उद्याची कॉल शीट हवी. त्यात लोकेशनचा पत्ता आणि नकाशा, प्रत्येकाची यायची स्वतंत्र वेळ, सीनचा क्रम, कोणते कलाकार, लागणाऱ्या खास वस्तू, सूर्योदय-सूर्यास्त, हवामान, जेवणाची वेळ, इस्पितळाचा पत्ता, आणि प्रश्न असेल तर कोणाला फोन करायचा ते. सगळ्यांना सात वाजता बोलावू नका. ज्या नटाचं काम अकराला आहे त्याला साडेनऊला बोलावलं की त्याला कळतं, इथे माझ्या वेळेची किंमत आहे.

सेटवरचा क्रम

प्रत्येक सीनला एकच क्रम ठेवा. आधी कलाकारांसोबत हालचाली ठरवा, सगळे विभागप्रमुख बघत असताना. मग कलाकार मेकअपला जातील आणि सेट डीओपीच्या ताब्यात. मग तालीम, मग टेक. लाइट आधी लावून नंतर 'तू जरा खिडकीकडे जा' म्हटलं की लाइट पुन्हा हलवावे लागतात. लहान युनिटचा सर्वात जास्त वेळ यातच वाया जातो.

सेटवर मोठ्याने बोलणारा आवाज एकच, फर्स्ट एडीचा. तो शांतता मागतो आणि 'साउंड' म्हणतो, साउंडवाल्याकडून 'स्पीड', म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालं, असं येतं, मग कॅमेरा रोल, क्लॅप, आणि ॲक्शन दिग्दर्शकाची. दिग्दर्शकाने कलाकारांशी बोलायचं ते जवळ जाऊन, हळू. प्रत्येक लोकेशन सोडण्याआधी तीस सेकंद सगळ्यांनी स्तब्ध राहून त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करू द्या. संकलनात दोन संवादांमधली भेग त्यानेच बुजते.

वेळ संपत आली की खरी कसोटी लागते. समजा चार वाजलेत, उजेड दोन तासांचा आहे आणि सात शॉट बाकी आहेत. एडी बाजूला घेऊन विचारेल, 'यातले चार होतील. कुठले?' शॉटलिस्ट करताना प्रत्येक शॉटपुढे महत्त्वानुसार अ, ब, क लिहिलं असेल तर तुम्ही तिथल्या तिथे सांगाल: मास्टर (सगळा सीन एकत्र दिसणारा शॉट) आणि दोघांचे क्लोज घेऊ, दाराचा शॉट त्यातच बसवू, बाकीचे तीन सोडू. लिहिलं नसेल तर पंधरा मिनिटं वादात जातील, आणि सगळं युनिट तुमच्या तोंडाकडे बघत उभं राहील. निर्णय थोडा चुकला तरी चालतो, लांबला की माणसांचा धीर सुटतो.

झोप, जेवण आणि सुरक्षितता

सहा तासांच्या आत गरम, पोटभर जेवण. कोण काय खात नाही हे आधी विचारलेलं असावं. पॅकअप आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल यांत किमान अकरा तास, आणि लांब राहणाऱ्यांचा प्रवास त्यात धरायचा नाही. १९९७ साली अमेरिकेत एक असिस्टंट कॅमेरामन एकोणीस तासांचं शूट आटोपून गाडी चालवत घरी जाताना झोप लागून अपघातात गेला. त्यानंतर ज्येष्ठ छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी बारा तास काम आणि बारा तास विश्रांती यासाठी मोहीम चालवली. उशीर झालाच तर दमलेल्या माणसाला गाडी चालवू देऊ नका. राहायची सोय करा किंवा गाडी बोलवा. अडीअडचणीचा पैसा यासाठीच ठेवलेला असतो.

हत्यार, आग, उंची, पाणी, चालती गाडी यातलं काही असेल तर त्या विषयाचा जाणकार सेटवर हवा. नसेल तर तो सीन नको. खऱ्या बंदुकीची गरज कमी बजेटच्या सिनेमात कधीच नसते. रबरी प्रतिकृती आणि संकलनातला आवाज पुरतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिकोत एका कमी बजेटच्या वेस्टर्न (काउबॉय) सिनेमाच्या सेटवर बंदुकीतून जिवंत काडतूस सुटलं आणि छायालेखिकेचा जीव गेला. कामाच्या आणि सुरक्षिततेच्या तक्रारी करत कॅमेरा विभागातले काही जण त्याच दिवशी सेट सोडून गेले होते. युनिट तक्रार करतं तेव्हा ऐकायला हवं. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा की धोका वाटला तर सर्वात धाकट्या मदतनिसालाही 'थांबा' म्हणायचा अधिकार आहे. आणि कोणी कोणाशी गैर वागलं तर कोणाकडे जायचं, त्या व्यक्तीचं नाव कॉल शीटवर छापा. ती व्यक्ती दिग्दर्शक नसावी.

चूक दाखवायची तर एकट्याला बाजूला घेऊन, कौतुक करायचं तर सगळ्यांदेखत. दोनदा समजावूनही कोणी सेटचं वातावरण बिघडवत असेल तर त्याला त्या दिवसापर्यंतचे पैसे देऊन निरोप द्या. लवकर केलेलं बरं, कारण बाकीचे तुम्ही काय करता ते बघत असतात.

पॅकअपनंतर

कार्ड दोन वेगळ्या डिस्कवर उतरल्याची आणि फाइली उघडत असल्याची खात्री झाल्याशिवाय ते पुसू नका. तिसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा, दोन्ही डिस्क एकाच बॅगेत घेऊन घरी जाऊ नका. रोज संध्याकाळी विभागप्रमुखांसोबत दहा मिनिटं उभ्या उभ्या बोला: आज काय राहिलं, उद्या काय अवघड आहे.

शेवटच्या दिवसानंतर आठवडाभरात सगळे हिशेब चुकते करा आणि भाड्याचं सामान मोजून परत द्या. संकलन चालू असताना, महिने लागले तरी, युनिटला अधूनमधून दोन ओळी कळवत राहा. श्रेयनामावली पक्की करण्याआधी ती सगळ्यांना पाठवून प्रत्येकाकडून आपल्या नावाचं स्पेलिंग आणि पदनाम लेखी तपासून घ्या. मदतनीस, गाडी चालवणारे, घर वापरू देणारे यांचीही नावं त्यात हवीत. अंतिम फाइल एकदा बाहेर पडली की एक अक्षर बदलायलाही पुन्हा सगळा खर्च येतो.